स्वेटर, हीटिंग रॉड आणि घोंगडी

डिसेंबरातली पहाट. साडेपाचचा गजर. खिडकीची एक काच मागच्या वर्षीच्या क्रिकेट मॅचमध्ये शहीद झालेली, तिथे लावलेला ड्रॉइंग शीटचा तुकडा वाऱ्याने फडफडतोय. रूममेट तीन थरांखाली गाढ झोपलेला : एक चादर, एक ब्लँकेट आणि सगळ्यात वर माझी रजई, जी मी उठल्याबरोबर त्याने झोपेतच ओढून घेतली. मोबाईल म्हणतोय ९ अंश. आणि मी पलंगाच्या काठावर पाय वर घेऊन बसलोय. समोर जो प्रश्न आहे, त्याच्यापुढे थिअरी ऑफ मशिन्सची व्हायवा परवडली.

धावायला जाताना घालायचं काय?

तुम्ही म्हणाल, हा काय मॅगझीनमध्ये लिहायचा विषय झाला? एक वर्षापूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण या प्रश्नाचं उत्तर मी आजवर दोनदा चुकलोय. पहिल्यांदा चुकलो तेव्हा सगळं हॉस्टेल हसलं. दुसऱ्यांदा चुकलो तेव्हा कोणी हसलं नाही. म्हणून लिहितोय.

सुरुवातीपासून सांगतो. मी गुहागर तालुक्यातला. आमच्याकडे थंडी ही माणसांसाठी नसते, आंब्यासाठी असते. मोहोर आला की आई म्हणते, "यंदा थंडी चांगली पडली हो." संपली थंडी. घरात स्वेटर नावाची वस्तू नाही. अंगणात झोपायचं असेल तर एक गोधडी पुरते. त्यामुळे माझी अ‍ॅडमिशन नाशिकजवळच्या या कॉलेजात झाली आणि कोणीतरी घरी येऊन "निफाडला पारा चार-पाच अंशांवर जातो, पेपरात फोटो येतात" असं सांगून गेलं, तेव्हा आईने धसकाच घेतला. तिने चिपळूणहून लोकर आणली, शेजारच्या बाईंकडून विणायला शिकली आणि गणपती ते दिवाळी एवढ्या काळात आयुष्यातला पहिला स्वेटर विणला. मरून रंगाचा. डावी बाही उजवीपेक्षा इंचभर लांब. लोकरीच्या गुंडीवरच्या कागदावर '१०० टक्के अ‍ॅक्रिलिक' असं छापलेलं होतं, म्हणजे मेंढीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पण ते आईला सांगण्यात अर्थ नव्हता.

धावायला लागलो ते एका फजितीमुळे. सेकंड इयरला आमचा ग्रुप अंजनेरी चढायला गेला आणि मी अर्ध्या वाटेत असा काही धापा टाकायला लागलो की पुढचे सगळे दर वळणावर थांबून माझी वाट बघायचे. कोकणातला पोरगा, डोंगरउतारावर वाढलेला, आणि ही गत! पण दीड वर्ष मेसचा भात, कँटीनचा वडा आणि दुपारची झोप, दुसरं होणार काय? परत आल्यावर ठरवलं, रोज सकाळी धावायचं. शुभारंभाचा महिना नेमका डिसेंबर निघाला.

पहिल्या दिवशी माझा पोशाख असा होता : बनियन, त्यावर फुल शर्ट, त्यावर आईचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला माकडटोपी, खाली कॉटनची ट्रॅकपँट आणि तिच्या आत (आता सांगायला हरकत नाही) पायजमा. गेटवर वॉचमन काका शेकोटीशी बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पोरा, धावायला चाललास का बर्फात राहायला?"

पहिले तीनशे मीटर स्वर्गसुख. पाचशे मीटरला टोपी खिशात. आठशेला मफलर कंबरेला. दुसऱ्या किलोमीटरला अंगातून अशा वाफा निघायला लागल्या की प्रेशर कुकरचा सिनेमा. स्वेटर काढून कंबरेला बांधला तर तो सुटून पायात यायला लागला. शेवटी स्वेटर एका काखेत, मफलर दुसऱ्या काखेत आणि पायजमा आतून घोट्यापर्यंत घसरलेला, असा मी गेटवर परतलो. नेमके तेव्हाच मेसवाले दूध घेऊन येत होते. त्या दिवशी नाश्त्याला आख्ख्या हॉस्टेलला ही गोष्ट माहीत झाली होती.

पण मी मेकॅनिकलचा. फजिती झाली की आम्ही वही काढतो. माणूस धावताना साधारण दर किलोला दर किलोमीटरमागे एक किलोकॅलरी खर्च करतो. माझं वजन ६० किलो. तासाला १० किलोमीटर म्हणजे ६०० किलोकॅलरी, म्हणजे जवळपास ७०० वॉट. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे धावणारा मी ५०० वॉटहून अधिक! स्वस्थ बसलेला मी फक्त शंभराच्या आसपास. हॉस्टेलमध्ये ज्यावर बंदी आहे आणि जो दर तिसऱ्या खोलीत गादीखाली सापडतो (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये), तो पाणी तापवायचा रॉड १००० वॉटचा. म्हणजे धावताना माझ्या पोटात अर्धा हीटिंग रॉड चालू असतो. अशा माणसाला स्वेटर घालणं म्हणजे चालू गिझरवर रजई टाकण्यासारखं.

उत्तर मिळालं! नियमही सापडला आणि तो खरंच जगभरचे धावणारे वापरतात : बाहेर जेवढे अंश असतील त्यात दहा मिळवायचे आणि तेवढ्या हवेत फिरायला जाताना जे घातलं असतं तेच घालायचं. ९ अंश म्हणजे समजा १९. १९ ला कोण स्वेटर घालतो? दाराबाहेर पडताना थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर. दारातच ऊब वाटली तर जास्त झाले. मी एका कॉटनच्या हाफ टी-शर्टवर आलो आणि खरंच सांगतो, मजा यायला लागली. फेब्रुवारीत ३ किलोमीटर, पावसाळ्यात ५, पुढच्या दिवाळीपर्यंत ८. गेटवरच्या काकांनी हसणं बंद केलं.

आईचा फोन रविवारी. "सकाळी जातोस तेव्हा स्वेटर घालून जातोस ना?" "हो गं." स्वेटर ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

आणि मी सल्लागार झालो. हॉस्टेलमध्ये कोणाला धावायचं असलं की त्याला माझ्याकडे पाठवायचे. मी वही उघडून ५०० वॉटचं गणित दाखवायचो. ज्युनियर पोरं माना डोलवायची. त्यातच एक होता बारक्या. फर्स्ट इयरचा, अंगाने काडी, धावायला हरीण. त्याचं खरं नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय.

जानेवारीत निफाडच्या बाजूला एका गावी १० किलोमीटरची शर्यत होती. कॉलेजतर्फे आम्ही सहा जण. पहाटे साडेचारला जीपने निघालो. निफाडच्या त्या पट्ट्याची थंडी मी तोवर पेपरातच वाचली होती. जीपमधून उतरलो आणि कळलं, पेपरवाले काही वाढवून सांगत नाहीत. मोबाईलवर ७ अंश. शिवाय वारा. शिवाय ढग, म्हणजे ऊन यायची आशा नाही. बारक्याने पिशवीतून स्वेटर काढला आणि घालू लागला. मी त्याला म्हणालो, "काय रे, गणित विसरलास? ठेव तो गाडीत. दुसऱ्या किलोमीटरला मला दुवा देशील." त्याने हसून स्वेटर पुन्हा पिशवीत कोंबला. पिशव्या जीपमध्ये राहिल्या.

सात वाजता सुटायची शर्यत पाहुण्यांना उशीर झाल्याने साडेसातला सुटली. अर्धा तास आम्ही कॉटनच्या हाफ टी-शर्टवर कोंबड्यांसारखे एकमेकांना चिकटून उभे. मग धावलो. वाट द्राक्षबागांमधून, कालव्याच्या कडेने. गणित अगदी बरोबर निघालं. दुसऱ्या किलोमीटरला ऊब आली, पाचव्याला टी-शर्ट पाठीला चिकटला. मी बावन्न मिनिटांत आलो. माझ्यासाठी विक्रमच! एक एक करत आमचे पाचजण आले. बारक्या नाही. तो तर माझ्या पुढे असायला हवा होता.

थांबून पाच मिनिटं झाली आणि मला थंडी वाजायला लागली. साधी नाही. दात आवरेनात, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. पिशव्या बघितल्या तर जीप जागेवर नाही. ड्रायव्हर डिझेल भरायला गेलेला. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या पोटातला रॉड बंद झाला होता आणि अंगावरचा ओला टी-शर्ट मात्र चालूच होता. आणि बारक्या अजून वाटेत कुठेतरी होता.

मी उलटा निघालो. दीडेक किलोमीटरवर एका मोरीच्या कठड्यावर तो बसलेला दिसला. सातव्या किलोमीटरला खड्ड्यात पाय मुरगळला होता, तिथून तो लंगडत चालत आला होता. ओठ निळसर. टी-शर्ट घामाने चिंब. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काय नाय, ठीक आहे." पण ते 'ठीक आहे' दारू प्यायलेल्या माणसासारखं जड जिभेने आलं. पायाला कळ लागतेय म्हणून बुटाची नाडी सोडायला तो वाकला आणि त्याच्या बोटांना गाठ सापडेना. तीनदा हात गेला, तीनदा बाजूने निसटला. मी त्याच्याकडे बघत उभा. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. वहीत ते पान नव्हतं.

शेजारच्या बागेतून एक बाबा आले. साठीचे असतील. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खांद्यावर घोंगडी. रात्रभर जागे होते; थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे वेलींना पाणी सोडायचं, हे त्यांचं आठवडाभर चाललं होतं. त्यांनी बारक्याच्या पाठीला नुसता हात लावला आणि माझ्यावर ओरडले, "आरं, बघतो काय नुसता? पोरगं गार पडलंय! तो वला सदरा काढ आधी त्याचा!"

मला वाटलं होतं, आधी काहीतरी पांघरायचं. त्यांनी आधी काढायला लावलं. ओला टी-शर्ट काढला, टॉवेलने पाठ टिपली आणि त्या खरबरीत घोंगडीत त्याला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून दोघांनी उचलून शेकोटीजवळ नेला. फार जवळ नाही. बाबांनी हाताने अंतर दाखवलं. थर्मासमधला गुळाचा चहा घोट घोट पाजला. "चोळू नको रे, बसू दे गप." वीस मिनिटांनी त्याची थरथर कमी झाली. अर्ध्या तासाने त्याने स्वतःच्या हाताने नाडी सोडली. ती नाडी सुटताना बघून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं रिझल्ट लागल्यावरही कधी वाटलेलं नाही.

बाबांनी त्याला विचारलं, "स्वेटर न्हाई का आणला घरनं?"

"आणलाय," बारक्या म्हणाला. "गाडीत आहे. दादा म्हणाला, नको."

तक्रार म्हणून नाही, साधं जसं झालं तसं सांगितलं त्याने. बाबांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना जीपमध्ये सगळे झोपले. मी जागा होतो. माझं गणित चुकलं नव्हतं, हे जास्त टोचत होतं. गणित होतं धावणाऱ्या माणसाचं. लंगडत चालणारा माणूस ५०० वॉट आणणार कुठून? त्याच्या निम्म्याने मिळाली तरी खूप. आणि बसला की शंभरावर. म्हणजे पुरवठा पाचवा हिस्सा आणि खर्च मात्र वाढलेला, कारण आता कपडे ओले. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, हे मी हीट ट्रान्सफरच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेत. पाणी वाफ होताना उष्णता घेतं, हे तर शाळेतलं. दोन्ही मला पाठ होतं. फक्त ते टी-शर्टबद्दल आहे, हे माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात लाज कसली वाटली सांगू? मी कोकणातला. आमच्याकडे थंडी नाही, पण भिजून कुडकुडणं आहे! लावणीच्या दिवसांत, जुलैत, पंचवीस अंशांत, दिवसभर चिखलात वाकून उभं राहिल्यावर बांधावर आलेल्या माणसाचे दात वाजतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. आजोबा पावसात घोंगडी घ्यायचे. ती भिजून मणभर जड व्हायची, पण आतून उबदार राहायची. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे मी आता वाचलं. आजोबांनी ते वाचलं नव्हतं. बागेतल्या बाबांनीही नाही.

हॉस्टेलवर आल्यावर एक प्रयोग केला. मेसच्या काट्यावर (आचारी मामांना विचारून) माझा कॉटनचा टी-शर्ट तोलला : कोरडा १६० ग्रॅम. आठ किलोमीटर धावून आल्यावर ३१० ग्रॅम. म्हणजे १५० ग्रॅम पाणी! एवढं पाणी नुसतं अंगाच्या उष्णतेवर सुकवायचं तर साधारण ३६० किलोज्यूल लागतात. स्वस्थ बसलेल्या माणसाची ही एक तासाची आख्खी कमाई. ज्या टी-शर्टने तुम्हाला धावताना थंड ठेवलं, तोच थांबल्यावर तुमचा तासाभराचा पगार खाऊन टाकतो. मग डिपार्टमेंटच्या क्रिकेट टीमची ती चकचकीत पॉलिस्टर जर्सी, जी आपण सगळे 'काय भंगार कापड' म्हणून हसतो, ती घालून धावलो. तेवढंच अंतर, तेवढीच थंडी. तिच्यात या पाण्याच्या निम्मंही राहिलं नाही, आणि दोरीवर ती नाश्ता होईपर्यंत वाळली. कापूस पाणी पितो, पॉलिस्टर जवळजवळ पीतच नाही. उन्हाळ्यात कापूस देवमाणूस. थंडीत धावताना मात्र त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

याच सुमारास मी चीनमधल्या एका शर्यतीबद्दल वाचलं. २२ मे २०२१, गान्सू प्रांत, डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत. १७२ जण धावायला उतरले. बरेचसे हाफ पँट आणि पातळ टी-शर्टवर. वारा अडवणारं जॅकेट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती. दुपारी उंचावर अचानक सोसाट्याचा वारा, गारा आणि बर्फासारखा पाऊस आला. २१ जण गारठून गेले. त्यात देशातले नावाजलेले, शेकडो किलोमीटर सहज धावणारे लोक होते. धावण्यात ते कमी नव्हते. पण भिजल्यावर, वाऱ्यात, चढावर वेग संपला आणि पोटातला रॉड विझला. तिथल्या एका मेंढपाळाने आपल्या डोंगरातल्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवला. आमची कालव्याकाठची सपाट वाट, आजूबाजूला माणसं, रस्ता. त्या डोंगराशी तिची तुलनाच नाही. तरीपण घोंगडीचा तो वास नाकात आला.

तेव्हा मित्रांनो, दोनदा चुकल्यावर जे जमलंय ते सांगतो. यातलं काहीही महाग नाही, हॉस्टेलच्या ट्रंकेत बहुतेक सगळं असतंच.

१५ अंशांच्या वर असेल तर विचारच करू नका. हाफ टी-शर्ट, हाफ पँट, चला. १० ते १५ मध्ये अंगात पॉलिस्टरची जर्सी आणि हाफ पँटच. पाय लवकर तापतात, त्यांना कमी लागतं. १० च्या खाली पूर्ण बाह्यांची पातळ जर्सी, कानांवर पट्टी किंवा साधा रुमाल, आणि हातमोजे. हातमोजे नसतील तर पायातले जुने मोजे हातात घाला. दिसायला ध्यान दिसतं, पण तापल्यावर काढून खिशात घालता येतात. स्वेटर खिशात जात नाही. आपल्याकडे क्वचितच येणाऱ्या ५-६ अंशांत, जर्सीच्या आत अंगाला घट्ट बसणारा आणखी एक पातळ पॉलिस्टरचा थर. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ बरे, कारण मधली हवा फुकट मिळते आणि एक थर काढता येतो.

वाऱ्याचा वेगळा विचार करा. लोकरीच्या विणीतून तो आरपार जातो. त्यासाठी पातळ विंडचीटर. तोही नसेल तर आपल्या गावाकडे पहाटे मोटारसायकलवर जाणारे लोक करतात तो उपाय : शर्टाच्या आत छातीवर पेपर. जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर घ्यावा. भिजल्यावर समोरून वारा नको. शर्यतीला जाताना कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या, तळाशी डोक्यापुरतं आणि बाजूंना हातांपुरती भोकं पाडा. पाहुणे कितीही उशिरा येवोत! सुटायच्या वेळी काढायची आणि घडी करून कंबरेला खोचायची, रस्त्यात टाकायची नाही. टोपीबद्दल एक : "निम्मी उष्णता डोक्यातून जाते" असं आपण ऐकतो, ते काही खरं नाही. डोकं अंगाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, त्यातून जाते तीही साधारण तेवढीच. कान दुखतात म्हणून झाका, घाबरून नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला बारक्याच्या पाठीवर हात ठेवून त्या बाबांनी शिकवलं. कपडे दोन वेळांसाठी निवडायचे असतात. एक धावतानाचे आणि एक थांबल्यावरचे. धावतानाचे कमी चालतील. थांबल्यावरचे कोरडे हवेत, हाताशी हवेत, आणि ते ठरवूनच घराबाहेर पडायचं. थांबल्याबरोबर, गप्पा मारायच्या आधी, फोटो काढायच्या आधी, चहा सांगायच्या आधी, ओलं काढायचं आणि कोरडं घालायचं. एकटं लांब जायचं असेल तर विंडचीटर कंबरेला बांधून न्यायचा, कारण पाय कुठे मुरगळेल ते पाय सांगत नाही. आणि कोणी अडखळत बोलायला लागला, त्याला नाडी सोडता येईना, तर तो 'ठीक आहे' म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही.

शर्यतीनंतरच्या रविवारी आईचा फोन आला. नेहमीचा प्रश्न. यावेळी मी 'हो गं' म्हणालो नाही. खरं ते सगळं सांगितलं. धावताना तो स्वेटर कधीच घातला नाही, वर्षभर ट्रंकेत होता, आणि बारक्याचं काय झालं तेही. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता रडणार. मग म्हणाली, "त्या पोराची आई कुठली?"

मी म्हटलं, "जळगावकडची."

"तिला कळवलंस का?"

नव्हतं कळवलं. दुसऱ्या दिवशी बारक्याच्या घरी फोन केला. तो फोन या लेखात लिहीत नाही.

आता आईचा स्वेटर गेटवर वॉचमन काकांच्या केबिनमधल्या खिळ्याला टांगलेला असतो. शेजारी बारक्याचा. धावून आलो की आधी ओली जर्सी काढायची, पंचाने अंग टिपायचं आणि मग ते मरून स्वेटर, डावी बाही दुमडून. वारा आरपार जाऊ नये म्हणून काकांच्या केबिनच्या आडोशाला बसतो. काका चहा देतात. बारक्या माझ्या आधी आलेला असतो, त्याचा पाय आता बरा आहे. परवा एक नवा फर्स्ट इयरचा पोरगा माकडटोपी-मफलर घालून गेटवर आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बारक्याच म्हणाला, "टोपी राहू दे इथे खिळ्याला. पण स्वेटर आणलायस ना? तो पण इथेच ठेव. आल्यावर लागेल."

आईला हे सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की स्वेटर महिनोन् महिने खिळ्याला असतो तर धुतोस कधी?

मेसमध्ये नाश्ता सुरू झालाय. बाकी सगळं समोरासमोर. उद्या सकाळी पावणेसहाला, गेटवर.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी